वाचकांचे प्रश्न : लहान गाडी गेली, मोठी कधी येणार?

प्रादेशिक रेल्वेमार्गांविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांची संख्या या खेपेस इतकी आहे की हे सदर आम्ही पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : शकुंतला रेल्वेचे रूळ अजून ब्रिटिश कंपनीच्या मालकीचे आहेत, सरकार दरवर्षी विलायतेला पैसे पाठवते आणि त्यामुळेच रुंदीकरण रखडले आहे, असे आमच्याकडे सर्रास सांगतात. यात कितपत तथ्य आहे? (निवृत्त शिक्षक, अचलपूर)

यात निम्मे तथ्य आहे आणि उरलेले निम्मे ऐकीव आहे. मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे ७६ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर–यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा, असे शकुंतलेचे हे दोन्ही नॅरोगेज (अरुंद रुळांचे) मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे होते. तिचा कारभार १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या किलिक निक्सन या पेढीकडे होता. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत आणायचा, एवढ्याच हिशेबाने हे रूळ टाकले गेले. गाड्या चालवण्याचे काम मात्र आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे आणि नंतर मध्य रेल्वे करत असे, आणि त्याबद्दल कंपनीला करारानुसार मोबदला मिळत असे. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या, तेव्हा ही कंपनी बाहेर राहिली आणि कराराला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. इथपर्यंतची कथा खरी आहे.

विलायतेला पैसे जातात हा भाग मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. किलिक निक्सन ही पेढी इंग्रज व्यापाऱ्यांनी स्थापन केली असली, तरी ती भारतीय मालकांच्या हाती येऊनही काही दशके उलटली आहेत. तेव्हा आजही इंग्रजांना खंडणी दिली जाते, हे म्हणणे सभेत टाळ्या मिळवायला ठीक असले, तरी निवेदनात लिहिण्याजोगे नाही. मालकीचा अडथळा होता तो निराळ्या प्रकारचा. गाडी एकाची आणि रूळ दुसऱ्याचे असले म्हणजे मोठी गुंतवणूक कोणी करायची, हा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहतो आणि तोवर डागडुजीवर दिवस काढले जातात. शकुंतलेचे नेमके हेच झाले. १९२१ साली मँचेस्टरमध्ये तयार झालेल्या इंजिनाने ही गाडी एप्रिल १९९४ पर्यंत ओढली. डिझेल इंजिन आल्यावरही अचलपूरला पोहोचायला चार तासांच्या आसपास वेळ लागत होता. म्हणजे ताशी वीस किलोमीटरही वेग पडत नव्हता. मधल्या स्थानकांवर तिकीट देणारा माणूस नसे, गार्डच खाली उतरून तिकिटे देत असे आणि मग गाडी सुटत असे. ज्याला दुपारपर्यंत अमरावती किंवा अकोल्याच्या दवाखान्यात पोहोचायचे आहे, तो या गाडीच्या भरवशावर राहणार नाही, हे उघड आहे. तरीही एसटीचे भाडे परवडत नसलेला शेतमजूर शेवटपर्यंत तिच्याच डब्यात बसत होता, हेही तितकेच खरे आहे.

२०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना दोन्ही मार्गांच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत लहान गाडी पूर्णपणे थांबली आणि मोठी अद्याप आलेली नाही. आमच्या मते या दोन मार्गांची मागणी एका दमात करणे ही आता चूक ठरत आहे. यवतमाळला वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) मार्ग मिळत असून त्याचा वर्धा–कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हाच मार्ग पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जाणार आहे. म्हणजे शकुंतलेच्या मार्गावरील यवतमाळ आणि दारव्हा ही दोन गावे दुसऱ्या मार्गाने रेल्वेशी जोडली जातील, आणि खरा प्रश्न कारंजा व त्याच्या आसपासच्या पट्ट्याचा उरेल. अचलपूरच्या बाजूचे तसे नाही. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर–परतवाडा या बाजारपेठांना दुसरा कोणताही रेल्वेमार्ग नाही आणि कोठे आखलेला असल्याचेही दिसत नाही. त्यामुळे अचलपूर मार्गाची बाजू स्वतंत्रपणे मांडली, तर ती अधिक भक्कम ठरते. यवतमाळ मार्गाच्या शेपटाला ती बांधली, की खर्चाचा आकडा फुगतो आणि परताव्याचा दर घसरतो. कारंजेकर वाचकांना हे आवडणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. त्यांनी दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर हा नांदेड मार्ग आणि मुंबई–हावडा मार्ग यांना सांधणारा दुवा म्हणून मांडावा, त्यात त्यांचे हित अधिक आहे.

प्रश्न : माथेरानप्रमाणे शकुंतला रेल्वेही वारसा म्हणून का चालवू नये? (मूर्तिजापूर)

चालवता येईल, परंतु त्याने आपला प्रवास सुटणार नाही. नेरळ–माथेरान गाडी २०१९ च्या पावसाळ्यात मार्ग वाहून गेल्याने बंद पडली आणि दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून पुन्हा वर जाऊ लागली. तिच्यावर एवढा खर्च झाला याचे कारण माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही, त्या दस्तुरी नाक्यालाच थांबवल्या जातात, आणि मुंबईचा पर्यटक गाडीत बसण्यासाठीच तिकीट काढतो. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाला समांतर रस्ता आहे आणि तेथील प्रवाशाला वेळेवर पोहोचायचे असते. एखादे जुने इंजिन आणि दोन-चार डबे स्थानकाच्या आवारात जपून ठेवावेत, ही सूचना आम्हाला अधिक पटते.

प्रश्न : बार्शी लाइट रेल्वे होती तेव्हा आमच्या गावाला थांबा होता. रुंदीकरण झाले आणि मोठ्या गाड्या गावावरून न थांबता जाऊ लागल्या. मग आमच्यासारख्यांनी या प्रगतीचे काय करायचे? (बार्शी तालुका)

आपली तक्रार रास्त आहे आणि ती केवळ आपल्या गावाची नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन १८९७ मध्ये सुरू केली, ती मुळी कमी खर्चात, विरळ वाहतुकीसाठी. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली, आणि १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. हलकी गाडी, हलके रूळ आणि जमिनीच्या उंचसखलपणाला वळसे घेत जाणारा मार्ग असल्यामुळे तिला कोठेही थांबणे आणि पुन्हा सुटणे जड जात नसे. शेतातल्या माणसाने हात दाखवावा आणि गाडी हळू व्हावी, अशा आठवणी सांगणारे लोक आजही भेटतात.

त्या गाडीची किंमत कोण मोजत होते, तेही पाहिले पाहिजे. लातूरची डाळ, तेलबिया किंवा सरकी बाहेर पाठवायची झाली, की कुर्डुवाडीला लहान वाघिणीतून (मालडब्यातून) उतरवून मोठ्या वाघिणीत भरावी लागे. पोत्यामागे हमाली, पोत्यामागे गळती आणि वर दिवस दोन दिवसांचा खोळंबा. रुंदीकरण करताना जुन्याच मार्गावर रुंद रूळ टाकले असेही झाले नाही. जुनी लाइन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, बाजूला टाकून जात होती. जिल्ह्याचे ठिकाण असूनही गावात रेल्वे नाही, अशी तेथील स्थिती होती. नव्या आखणीत मार्ग वळवून धाराशिव जोडले गेले. लातूर–उस्मानाबाद टप्पा २००७ मध्ये आणि उस्मानाबाद–कुर्डुवाडी टप्पा २००८ मध्ये सुरू झाला, आणि पुढे पंढरपूर–मिरज मार्गही रुंद झाल्यावर जुन्या बार्शी लाइटची सगळी साखळी ब्रॉडगेज झाली.

त्याचे फळ एप्रिल २०१६ मध्ये डोळ्यांना दिसले. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा राजस्थानातील कोट्याहून वाफेने धुऊन आणलेल्या टाक्यांच्या वाघिणी मिरजेत भरल्या गेल्या आणि १२ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर हा तोच रस्ता होता. तो नॅरोगेज असता, तर कोट्याच्या वाघिणी मिरजेपुढे सरकल्या नसत्या आणि पाणी काही पोत्यांसारखे खांद्यावरून दुसऱ्या गाडीत टाकता आले नसते.

एवढे सांगूनही आपला मुद्दा उरतोच. रुंदीकरणाचा लाभ दोन टोकांना आणि जिल्ह्याच्या ठिकाणांना मिळतो, तोटा मधल्या खेड्यांच्या वाट्याला येतो. लातूर–मुंबई एक्स्प्रेस प्रत्येक खेड्यात थांबवा, अशी मागणी आम्ही करणार नाही. तशी मागणी करणाऱ्यांनी आपल्या मुलाला त्या गाडीने सकाळी मुंबईत मुलाखतीला पोहोचायचे आहे अशी कल्पना करून पाहावी. मागणी असावी ती याच रुळांवर सकाळ-संध्याकाळ सर्व थांबे घेणाऱ्या डेमू (डिझेलवर चालणाऱ्या) किंवा मेमूची. कमी डब्यांची, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असलेली ही गाडी शेवटच्या स्थानकावर इंजिन न फिरवता लगेच परत निघू शकते, आणि मेमू विजेवर चालत असल्याने थांब्यानंतर वेग लवकर पकडते. जुन्या बार्शी लाइटचे काम तीच करू शकेल.

प्रश्न : करोनाच्या टाळेबंदीत पाचोरा–जामनेर गाडी तात्पुरती बंद केली, असे सांगितले होते. बाकीच्या गाड्या सुरू झाल्या, आमची पीजे का नाही? रुंदीकरण होईपर्यंत जुनीच गाडी चालवायला काय हरकत होती? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, शेंदुर्णी)

मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा शंभर वर्षे चाललेली ही ५६ किलोमीटरची गाडीही थांबली. ब्रॉडगेजवरच्या गाड्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, कारण त्यांचे डबे, इंजिने आणि माणसे साऱ्या देशात एकाच प्रकारची आहेत. नाशिकचा डबा नादुरुस्त झाला तर भुसावळचा लावता येतो. नॅरोगेजचे तसे नसते. मोजकी इंजिने, मोजके डबे, त्यांचे सुटे भाग जवळपास कोठेच तयार होत नाहीत, आणि ते हाताळणारे कारागीर एकेक करून निवृत्त होतात. अशी यंत्रणा चालू असते तोवर रेटत नेता येते. एकदा थांबली, रुळांवर झुडपे वाढली, पुलांची तपासणी चुकली, की ती पुन्हा सुरक्षित ठरवण्याचा खर्च वाढत जातो आणि रुंदीकरण होणारच आहे, मग यावर पैसा कशाला, या युक्तिवादाला कोणी उत्तर देत नाही. तांत्रिकदृष्ट्या गाडी पुन्हा सुरू करणे अशक्य होते असे आम्ही म्हणणार नाही. ती पुन्हा सुरू करण्यात कोणत्याच कार्यालयाचा फायदा नव्हता, हे खरे कारण आहे. तात्पुरते बंद या शब्दांना कोणतीही मुदत जोडलेली नसते, त्यामुळे असे आदेश निघतात तेव्हाच मुदत लिहून मागावी आणि बंद काळापुरती एसटीची जोडफेरी पदरात पाडून घ्यावी.

पुढच्या आशेविषयी मात्र आम्ही आपल्या मार्गाबाबत इतर कोणत्याही मार्गापेक्षा अधिक निश्चिंत आहोत. जुनी लाइन जामनेरला जाऊन संपत होती. रुंदीकरणाच्या योजनेत ती पुढे बोदवडपर्यंत नेण्यात येत आहे. नकाशा काढून पाहा. पाचोरा मुंबई–भुसावळ मार्गावर आहे आणि बोदवड भुसावळ–नागपूर मार्गावर. म्हणजे भुसावळच्या गर्दीत न शिरता मुंबईकडून नागपूरकडे जाण्याची ही पर्यायी वाट होईल. मालगाड्यांना सोय असलेला मार्ग रेल्वेच्या कागदांवर वर सरकतो, असा आजवरचा अनुभव आहे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर येथील प्रवाशांनी एवढेच पाहावे की मालगाड्यांसाठी झालेल्या मार्गावर आपल्या पॅसेंजरला सकाळची वेळ मिळाली पाहिजे. ती मागणी मार्ग पूर्ण झाल्यावर करायची नसते, स्थानकांच्या आराखड्याच्या वेळीच करायची असते. मधल्या स्थानकावर दुसरा रूळ नसला, तर नंतर कोणी कितीही ओरडले तरी गाडी वाढवता येत नाही.

प्रश्न : अकोला–खंडवा मीटरगेज (एक मीटर रुंद रुळांची) गाडी मेळघाटातूनच जात होती. तीच रुंद करायची, तर वळसा घालून नवा मार्ग कशासाठी? यात आमची किती वर्षे जाणार? (अकोट)

पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला, त्यानंतर जानेवारी २०१७ मध्ये अकोल्याच्या पुढची मीटरगेज गाडी थांबली, आणि अकोला–अकोट हा टप्पा रुंद होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी अकोटला पोहोचली. अडले ते अकोट–आमला खुर्द या टप्प्यावर. जुना मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो आणि धूळघाटजवळ चढ काढण्यासाठी स्वतःलाच वेढा घालून वर निघतो. वरच्या रुळांवरून खालचे रूळ दिसत, त्यामुळे त्या वळणाचे अप्रूप असलेले प्रवासी हैदराबादहून राजस्थानकडे जाणाऱ्या मीनाक्षी एक्स्प्रेसच्या खिडक्यांना लगडलेले असत.

ज्या मार्गावर गाडी होतीच, तेथे हरकत का, हा आपला प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु मीटरगेजवर मोजक्या, संथ गाड्या जात होत्या. ब्रॉडगेज झाल्यावर दक्षिण आणि उत्तर भारताला जोडणारा तो जवळचा मार्ग ठरेल आणि रात्रंदिवस लांबलचक मालगाड्या धावतील. ब्रॉडगेजला तसे तीव्र वळण आणि चढ चालत नाहीत, म्हणून धूळघाटाचा वेढा मोडून नवे कापकाम आणि नवे बोगदे करावे लागले असते. म्हणजे जुना मार्ग रुंद करणे हा केवळ शब्दप्रयोग आहे, प्रत्यक्षात जंगलात नवाच मार्ग काढायचा होता. मेळघाट हा १९७३ च्या व्याघ्र प्रकल्प योजनेतील पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आहे. तेथून गावांचे पुनर्वसन करायचे आणि त्याच जागी दुप्पट वाहतुकीची रेल्वे आणायची, हे आम्हाला विसंगत वाटते. जुलै २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही रेल्वेमंत्र्यांना पर्यायी मार्गाबद्दल पत्र लिहिले होते.

पर्यायी मार्ग लांब आहे, त्याला भूसंपादन लागणार आहे आणि आपली काही वर्षे जाणार आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र जंगलातल्या मार्गावर प्रवासी नव्हते. सोनाळा, जामोद या बाजूने जाणारा मार्ग बुलढाणा जिल्ह्याच्या अशा तालुक्यांतून जातो, जिथे माणसे आणि संत्री-केळीचा माल दोन्ही आहे. प्रवासी गाडीचा विचार करणाऱ्याने तरी या वळशाचे स्वागत करायला हवे.

प्रश्न : पॅसेंजरचे तिकीट दहाचे तीस रुपये झाले होते, ते पुन्हा खाली आले का? (कुर्डुवाडी)

आले. टाळेबंदीनंतर पॅसेंजर गाड्या विशेष एक्स्प्रेस या नावाने सुरू झाल्या आणि किमान भाडे एक्स्प्रेसप्रमाणे ३० रुपये झाले. फेब्रुवारी २०२४ पासून साधे द्वितीय श्रेणी भाडे परत लागू झाले आणि किमान तिकीट पुन्हा १० रुपये झाले. चार वर्षे लोक जुनीच गाडी, जुनेच डबे आणि तिप्पट भाडे असा प्रवास करत होते. त्या काळात एसटी आणि वडापकडे वळलेला प्रवासी आपण होऊन परत येईल, असे रेल्वेने गृहीत धरू नये.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या रेल्वेचे सर्वेक्षण तिसऱ्यांदा मंजूर झाले. दर वेळी पेढे वाटले जातात. रेल्वे मंजूर झाली असे नेमके कधी समजायचे? (नाव-गाव न छापण्याची विनंती)

सर्वेक्षण मंजूर होणे म्हणजे वर पाहायला माणसे निघाली, एवढेच. लग्न ठरलेले नसते. प्राथमिक अभियांत्रिकी व वाहतूक सर्वेक्षणात मार्गाची ढोबळ आखणी, अंदाजे खर्च आणि संभाव्य उत्पन्न पाहिले जाते. बहुतेक मार्ग येथेच कमी परताव्याचा शेरा मिळून थांबतात आणि पुढच्या निवडणुकीला अद्ययावत सर्वेक्षण म्हणून पुन्हा निघतात. यानंतर अंतिम स्थान निश्चिती सर्वेक्षण होते, त्यात खुंट्या कोणत्या गटातून जाणार हे ठरते. मग सविस्तर प्रकल्प अहवाल, मंजुरी, राज्याचा हिस्सा असल्यास त्याची हमी, आणि भूसंपादन.

रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून राहिलेला नाही, पण कोणत्या कामाला किती पैसे, हे सांगणारी पिंक बुक नावाची पुस्तिका अर्थसंकल्पासोबत येत असते. तिच्यात आपल्या मार्गाचे नाव आहे एवढ्यावर समाधान मानू नका, नावासमोरचा आकडा वाचा. काम यादीतून गळू नये म्हणून नावापुरते एक हजार रुपये दाखवण्याची पद्धत तेथे आहे. हजार रुपयांत आज रुळाखालचा एक काँक्रीटचा स्लीपरही येणार नाही. एखाद्या मार्गाला सलग दोन-तीन वर्षे कोटींत तरतूद मिळाली आणि शेतकऱ्यांच्या खात्यात मोबदला जमा होऊ लागला, की पेढ्यांचा विचार करावा.

काम पुरे झाल्यावरही एक दार उरते. रेल्वे सुरक्षा आयुक्त मार्गाची पाहणी करतात, वेगाची चाचणी घेतात आणि प्रवासी गाडीला परवानगी देतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, जेणेकरून गाडी चालवणारा आणि ती सुरक्षित आहे असे म्हणणारा एकच नसावा. त्यामुळे उद्घाटनाची तारीख जाहीर झाल्यावर आयुक्तांची मंजुरी आली का, एवढे विचारायला हरकत नाही.

प्रश्न : बीडला तीस वर्षांनी रेल्वे आली. पहिल्या आठवड्यात सगळे गाव पाहायला गेले, पण कामासाठी तिच्यातून जाणारे थोडेच आहेत. वेळ गैरसोयीची, पुण्याला थेट जाता येत नाही. मग आता प्रवासी नाहीत म्हणून हीच गाडी बंद करतील का? (व्यापारी, बीड)

अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला, तेव्हा त्याचा खर्च ३५३ कोटी रुपये धरला होता. तो पुढे ४,८०० कोटींच्या वर गेला आणि राज्याने निम्मा वाटा उचलला. गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू आष्टीपर्यंत, फेब्रुवारी २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील अंमळनेरपर्यंत आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत आली. परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण होईतो हा मार्ग एका बाजूने बंद बोळासारखाच आहे, आणि बोळात रहदारी कमीच असते. परळीला तो विकाराबाद आणि परभणीकडच्या मार्गांना मिळाला, की बीडवरून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा विचार करता येईल.

तोपर्यंत काय करायचे, याचे उत्तर लोणंद–फलटण मार्गाकडे पाहून मिळते. त्या २६ किलोमीटरवर सप्टेंबर २०१९ मध्ये गाडी सुरू झाली, ती लोणंदपर्यंतच. फलटणच्या माणसाला लोणंदला उतरून काय करायचे असणार? त्याला पुण्याला जायचे असते. मार्च २०२१ मध्ये पुणे–फलटण अशी थेट डेमू निघाली, तेव्हा कोठे त्या रुळांना अर्थ आला. बीडचेही तसेच आहे. बीडचा विद्यार्थी, रुग्ण आणि आपल्यासारखा व्यापारी यांचे अंतिम ठिकाण बहुधा पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर असते, अहिल्यानगर हा वाटेतला थांबा आहे. त्यामुळे आपल्या व्यापारी संघटनेने गाड्या वाढवा असे मोघम निवेदन देण्याऐवजी तीनच गोष्टी मागाव्यात. हीच गाडी पुण्यापर्यंत न्यावी. ते होईपर्यंत अहिल्यानगरला ती पुण्याच्या एखाद्या ठरावीक गाडीच्या आधी अर्धा तास पोहोचावी, आणि परतीच्या गाडीने पुण्याकडून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे. आणि ती बीडहून पहाटे सुटून रात्री बीडला परतावी, म्हणजे दिवसाचे काम एका दिवसात होईल. दुपारी सुटणारी गाडी ही रेक (डब्यांचा संच) मोकळा असतो त्या वेळेला लावलेली असते, प्रवाशाची गरज पाहून नव्हे.

बंद करण्याच्या भीतीबद्दल सांगायचे, तर साडेचार हजार कोटींहून अधिक खर्चाचा मार्ग रेल्वे मोडीत काढणार नाही. फेऱ्या कमी करणे मात्र तिच्या हातात असते आणि त्यासाठी रिकाम्या डब्यांची आकडेवारी पुरते. म्हणून वेळ बदलून मिळण्यापूर्वी मोजले गेलेले प्रवासी आणि बदलल्यानंतर मोजलेले प्रवासी, असे दोन्ही आकडे मागण्याचा आग्रह धरा. एक गोष्ट नगरपालिका आणि एसटीच्या हातातही आहे. गाडी येण्याच्या वेळी स्थानकाबाहेर बसस्थानकाकडे जाणारी एक बस उभी राहिली, तर रिक्षाला मोजावे लागणारे पैसे रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त होतात ही सध्याची तक्रार उरणार नाही. त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची गरज पडत नाही, आगारप्रमुखांना भेटून हे काम होण्यासारखे आहे.